मानाचा बार

दुर्गाप्पा विटकर या माणसाने आयुष्यात सोंगे फार थोडी केली. परंतु जे एक केले ते वीस वर्षे अखंड केले. ते सोंग ऐकण्याचे होते.

खडकाईच्या डोंगरावर पाच दगडखाणी होत्या. त्यांपैकी पाचव्या, म्हणजे संपतराव काळोखे यांच्या खाणीत दुर्गाप्पा सुरुंगाचा मिस्त्री होता. खडकात भोके पाडून घेणे, त्यांत दारूचे तोटे भरणे, आणि माणसे दूर झाल्याची खात्री करून बार उडविणे हे त्याचे काम. या कामाने त्याला चार भिंतींचे घर दिले, एकुलत्या पोरीला कॉलेज दाखविले, आणि त्या बदल्यात त्याचे दोन्ही कान नेले. प्रथम पाखरे गेली. मग देवळातली घंटा, मग बायकोची हाक, आणि शेवटी समोर बसून बोलणाऱ्याचा शब्दही गेला. उरले ते केवळ धक्के. पायांतून वर चढणारे, छातीवर आदळणारे. परंतु तोपर्यंत तो माणसांचे ओठ वाचण्यात इतका तरबेज झाला होता की, तोंडासमोर तोंड करून बोलणाऱ्याला त्याचे बहिरेपण स्वप्नातही कळले नसते.

ते तिघांनाच ठाऊक होते. बायको तायव्वा, मुलगी रेणुका आणि मालक काळोखे.

सरकारी नियम असा की, सुरुंग उडविणाऱ्याने दर तीन वर्षांनी कान तपासून घेतलेच पाहिजेत. ज्याला ‘थांबा’ ही हाक ऐकू येत नाही त्याच्या हाती बटण देणे म्हणजे उघड घात. दुर्गाप्पाचा दाखला मात्र काळोखे दर वेळी कुठूनसा आणून देत. त्याचा उच्चार ते पुन्हा कधी करीत नसत, आणि नेमके म्हणूनच दुर्गाप्पाला त्याचा कधी विसर पडत नसे.

दुर्गाप्पाची एक रीत होती. मोठा बार उडविण्याच्या अगोदर तो बाजूला एक उथळ भोक पाडून घेई, त्यात अर्धा तोटा भरी आणि तेवढाच उडवी. हा खडकाईचा मान. त्याच्या बापाने त्याला शिकविले होते की, देवीला सांगितल्यावाचून तिचे अंग फोडू नये. मान दिल्यावर मनात सावकाश अकरा अंक मोजायचे, आणि मगच मोठ्या बाराचे बटण दाबायचे. बाकीच्या चार खाणींतून ही रीत केव्हाच उठून गेली होती. संगणकाच्या कळीवर एका सेकंदात साठ भोके उडण्याचे ते दिवस. तिथे अर्ध्या तोट्याचे कौतुक कोणाला?

त्याच्याच हाताखाली शिकून तिसऱ्या खाणीचा मिस्त्री झालेला नाथा पवार तर तोंडावर थट्टा करी.

“मिस्त्री, देवीला मिस कॉल देताय व्हय?”

“दितो की. तिनं फोन उचलला म्हंजी तू बी जित्ता राहतोस, भाड्या.”

पण डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शेळकेवस्तीतल्या बायकांना त्या बाराचे मोल ठाऊक होते. बारीक आवाज झाला की पोरे घरात, शेळ्या दावणीला, आणि डोंगराच्या कडेला कोणी असेल तर तिने धूम ठोकायची. अकरा अंक त्यांनाही पाठ झाले होते.

*

दोन हजार अडतीस सालच्या हिवाळ्यात रेणुका भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. जिल्ह्याच्या कॉलेजात डॉ. इनामदार या बाईंच्या देखरेखीखाली मुलांनी एक उद्योग आरंभला होता: आकाशात फुगे सोडून तिथले आवाज ऐकायचे. सुट्टीला घरी आली की रेणुका चुलीपाशी बापासमोर बसे आणि ओठ ठळक हलवीत त्याला समजावून सांगे.

सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपने असलेला नाद माणसाच्या कानाला लागत नाही. शास्त्रात त्याला अवश्राव्य नाद म्हणतात. समुद्राच्या लाटा, दूरचे वादळ, डोंगरातला सुरुंग हे सारे असा नाद सोडीत असतात. बारीक आवाज हवेत लवकर विरतो. हा जाडाभरडा नाद मात्र शेकडो कोस न थकता चालतो. शिवाय वरच्या हवेत त्याला वाटही आयती मिळते. जमिनीपासून वर जावे तसतशी हवा थंड होत जाते, आणि सुमारे सतरा किलोमीटरच्या पुढे ती पुन्हा तापू लागते, कारण तिथला ओझोन वायू उन्हाची धग शोषून घेतो. नादाचा स्वभाव असा की तो उबेकडून थंडीकडे वळतो. त्यामुळे वर उबदार, खाली उबदार आणि मध्ये गार अशा त्या थरात तो एकदा शिरला की पन्हळीतल्या पाण्यासारखा वाहतच राहतो.

“मग जमिनीवरनंच ऐकायचा की. एवढं वर कशापायी जायचं?” दुर्गाप्पाने विचारले.

“जमिनीवर वारा असतो ना, आप्पा. तो यंत्रावर आपटत राहतो, त्या गोंगाटात काही कळत नाही. फुगा वाऱ्याबरोबरच जातो. पाण्याबरोबर वाहणाऱ्या पानाला पाण्याचा धक्का बसतो का? तसं फुग्याला वारा म्हणून काही नसतंच. वर पूर्ण शांत.”

“म्हंजी ह्यो बहिऱ्यांचा कान म्हन की!”

“तिथलं ऐकायला आपण सगळेच बहिरे, आप्पा.”

हे वाक्य दुर्गाप्पाने पुढे पुष्कळ दिवस मनात जपून ठेवले.

फुगेही मुले हातानेच करीत. पातळ प्लास्टिकचे मोठे पोते शिवायचे आणि आतून कोळशाची पूड चोळायची. सकाळचे ऊन काळ्या रंगावर पडले की आतली हवा तापते, फुगा वर चढतो, दिवसभर वीस किलोमीटरवर तरंगतो, आणि सूर्य मावळला की आपोआप खाली येतो. असे चार फुगे एकदम सोडायचे. एकच आवाज चौघांपाशी वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या फरकावरून तो कुठे झाला याचे गणित मांडता येते.

गणित पडताळावयाला मात्र एक असा आवाज हवा होता, ज्याची जागा आणि वेळ अगोदरपासून ठाऊक आहे. रेणुका म्हणाली, “आमचे आप्पा आहेत ना.”

आणि मग आठवड्यातून तीनदा दुर्गाप्पा घड्याळ लावून बार उडवू लागला, आणि नव्वद किलोमीटरवरून सुटलेले फुगे ते बार टिपू लागले. एके दिवशी इनामदारबाई मुलांना घेऊन खाणीवर आल्या. मुलांची बोटे कोळशाने काळी, दुर्गाप्पाचे हात दगडाच्या पिठाने पांढरे. रेणुकेने एक मोठा लाउडस्पीकर दगडावर मांडला आणि बापाचा तळहात त्याच्या पडद्यावर ठेवला. मूळ नोंद तिने चौपट वेगाने वाजविली. तेव्हा अकरा अंकांचे पावणेतीन झाले.

टप. आणि तीन मोजेतो, धप.

दुर्गाप्पाने हात काढला नाही. “परत लाव,” म्हणाला. पुन्हा लावले. “आनी येकदा.”

बाई मुद्दाम त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “मिस्त्री, अशी जोडी महाराष्ट्रात दुसरी कुणाची नाही. ही तुमची सही आहे, आकाशावर केलेली.”

ज्याला हजेरीपटावर चार अक्षरे उमटविताना घाम फुटे, त्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मुलांनी आपल्या वहीत त्या जोडीला नावही दिले: विटकर-जोड.

*

माघातली सोमवती अमावास्या आली. अमावास्येला डोंगरावर एकही खाण चालत नाही. त्या दिवशी छिन्नीसुद्धा उचलायची नाही, हा पाथरवटांचा नेम मालकांनीही पाळला होता. शेळकेवस्तीतली माणसे सकाळीच तळ्यावरच्या देवीला नैवेद्य घेऊन गेली होती.

दहाच्या सुमारास काळोखे स्वतः गाडी घेऊन दुर्गाप्पाच्या दारात आले.

“मिस्त्री, पूर्वेची भिंत आज खाली घ्यायची.”

“मालक, आज अवस हाय.”

“म्हणूनच. सुट्टीला कंपमापक बंद असतो, तपासनीस फिरकत नाही. भोकं शनिवारीच पाडून ठेवलीत.”

“पर ती भिंत हद्दीच्या भाईर हाय. खाली वस्ती हाय.”

“वस्ती देवाला गेलीय.” काळोखे हसले आणि खिशातून रुमाल काढीत सहज म्हणाले, “तुमचा कानाचा दाखला पुढच्या महिन्यात संपतोय, नाही का?”

वीस वर्षांत त्यांनी हा उच्चार प्रथमच केला. दुर्गाप्पाने पायताण घातले.

झेंडा दाखवायला माणूस नव्हता. दुर्गाप्पाने कड्यावर उभे राहून तिन्ही दिशांना तोंड करून आरोळी दिली, “बार हायऽऽ!” भिंतीखालचा उतार पोटासारखा पुढे आलेला होता, त्यामुळे त्याची तळची बाजू वरून दिसत नव्हती. त्याने जेवढे दिसत होते तेवढे पाहिले. मग सवयीप्रमाणे त्याचा हात अर्ध्या तोट्याकडे गेला. चोरीचे काम होते, एक आवाज कमी झाला असता तर बरेच होते. पण देवीला न सांगता भिंत पाडण्याचे त्याच्या मनातही आले नाही. आज सोमवार, आज पोरीचे फुगे वर असतील, हेही त्याला आठवले होते. त्याला भीती वाटली नाही. तो फुगा पोरीचा होता.

त्याने मान दिला. अकरा अंक मोजले. बटण दाबले. भिंत खाली बसल्याचे पायांना कळले.

धुरळा निवल्यावर तो पाहणीसाठी खाली उतरला, तेव्हा प्रथम त्याला गवताच्या दोन पेंढ्या दिसल्या. नीट बांधलेल्या, विळे वर खोचलेले. त्या जागेवर एकही दगड आला नव्हता. कोंडाबाई शेळके आणि तिची जाऊ छबू या दोघी तिथून पुढे होत्या, दगडांखाली. दुर्गाप्पा पेंढ्यांपासून त्यांच्यापर्यंत चालत गेला. चाळीस पावले भरली. मानाचा बार ऐकून त्या पळाल्या होत्या, वस्तीकडे, म्हणजे नेमक्या भिंतीच्या खाली. बार नेहमी पश्चिमेला उडत. पूर्वेला आज पहिल्यानेच उडाला होता. त्यांनी हाका मारल्या असतील. थांबा म्हणाल्या असतील. अकरा अंकांत माणूस पुष्कळ ओरडू शकतो.

काळोखे वर येऊन उभे राहिले होते. त्यांनी दुर्गाप्पाचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळविले आणि एकेक शब्द स्पष्ट उच्चारला. “अवसेला खाणी बंद असतात. सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे.”

*

तलाठी आले, पोलीस आले. पाचही मालकांनी सांगितले की अमावास्येला डोंगर बंद होता, दरड आपोआप कोसळली. साऱ्या तालुक्याने मान डोलावली, कारण ते खरेच वाटण्यासारखे होते. फक्त कलेक्टर कचेरीतल्या कोणाला तरी कॉलेजच्या फुग्यांची आठवण झाली आणि सोमवारची नोंद मागविणारे पत्र डॉ. इनामदारांना गेले. नोंदी साफ करून मांडण्याचे काम रेणुकेकडे असे.

गुरुवारी दुपारी ती घरी आली. पिशवी खांद्यावरून न काढताच बापासमोर बसली.

“आप्पा, इकडं बघा. अवसेला खाणीत कोण होतं?”

“अवसेला कोन आसनार?”

तिने संगणक उघडला. निळ्या सपाट रेषेवर एक लहान टोक उभे होते. पुढे अकरा सेकंदांची जागा. मग एक उंच टोक. दुर्गाप्पाला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते, पण स्वतःची सही कोणाला ओळखता येत नाही? तायव्वाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दोघांची तोंडे पाहून ती परसात निघून गेली.

दुर्गाप्पाने लहान टोकावर बोट ठेवले.

“वारं आसंल ते.”

वर वारा नसतो हे तिनेच त्याला शिकविले होते. तिने बापाकडे टक लावून पाहिले. मग तिचे ओठ सावकाश हलले, “हो आप्पा. वारा असेल.”

ती उठून गेली. पुढच्या आठवड्यात कचेरीला जी नोंद पोहोचली तिच्यात एकच टोक होते. हे कळले तेव्हा दुर्गाप्पाला प्रथम जे वाटले ते सुटकेचे समाधान होते. त्या समाधानाबद्दल त्याने स्वतःला पुढे कधी क्षमा केली नाही.

कारण पुराव्यातून एक टोक काढले की तिथे नुसती रिकामी जागा राहत नाही. कोसळलेली भिंत कोणत्याच खाणीच्या हद्दीत नव्हती, आणि चार फुग्यांच्या गणिताने सांगितले की स्फोट तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या खाणीपाशी झाला. चौथी खाण वर्षभर बंद. पाचवीत विटकर मिस्त्री. त्याच्या बारापुढे मानाचा बार असतोच आणि नोंदीत तो नाही. राहिली तिसरी. तिचा मिस्त्री नाथा पवार अमावास्येला खाणीच्या झोपडीत एकटाच झोपलेला होता, आणि तो मान देत नाही हे तो स्वतःच साऱ्या डोंगरावर फुशारकीने सांगत असे. शनिवारी त्याला बेड्या पडल्या.

रेणुका धावत आली. तिचा चेहरा उतरला होता.

“मला वाटलं होतं, कुणाचंच नाव येणार नाही.”

“त्यो बारका परत घाल त्यात.”

“परत घातला तर विचारतील, आधी का काढला. पुराव्यात फेरफार म्हणजे तुरुंग, आप्पा. पण मी सांगते. उद्याच मॅडमना सांगते.”

“थांब. सुनावनी होऊदे.”

“आणि नाथाकाका?”

दुर्गाप्पाने मान फिरविली. मान फिरविली की त्याच्यापुरते बोलणे संपत असे.

*

चौकशी शेळकेवस्तीच्या शाळेत भरली. टेबलाशी प्रांतसाहेब, बाजूला इनामदारबाई, भिंतीवर पडदा आणि तो चालविणारी रेणुका. दोन शिपायांच्या मध्ये नाथा बसला होता. पुढच्या सतरंजीवर कोंडाबाईचा नवरा महिपती आणि वस्तीची माणसे.

नोंद वाचून झाली आणि दुर्गाप्पा उभा राहिला.

“सायेब, त्यो बार माजा हाय. नाथ्याचा न्हाई. मालकांनी सांगितलं, मी उडवला.”

काळोखे खुर्चीतच पुढे वाकले, पण प्रांतसाहेबांनीच हात वर केला. “मिस्त्री, शिष्यासाठी जीव तुटतो हे मी समजू शकतो. पण यंत्र काय सांगतं ते तुम्ही पाहिलंत.”

“यंत्राला काय कळतंय!”

इनामदारबाई हळुवारपणे म्हणाल्या, “मिस्त्री, एकतीस नोंदी आहेत तुमच्या आमच्याकडे. एकीतही मानाचा बार चुकलेला नाही. ही नोंद तुमची असूच शकत नाही.”

खोलीतल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्यांच्या नजरेत आदर होता. दुसऱ्यासाठी खोटे बोलणारा भला माणूस, असा तो आदर. वीस वर्षे खोटे-खोटे ऐकणाऱ्या दुर्गाप्पाचे पहिले खरे बोलणे खोटे ठरले होते; आणि खरे ठरवायचा उपाय एकच होता, पोरीकडे बोट दाखविणे.

त्याने तिच्याकडे पाहिले. ती उभी राहिली होती. तिचे ओठ मिटले.

ओठ वाचणाऱ्याला ठाऊक असते की ‘म’ हे अक्षर ओठ मिटल्याखेरीज निघत नाही. ‘मी’ म्हणावयाचे असले तर आधी ओठ मिटावे लागतात. आवाज फुटण्याच्या अगोदरचा तो एवढासा क्षण. इतरांना तो दिसत नाही, दुर्गाप्पाला दिसला.

“त्या दिशी मान दिला न्हाई मी!” तो ओरडला.

रेणुकेचे ओठ मिटलेलेच राहिले.

“चोरीचं काम व्हतं. येक आवाज कमी म्हनून मान दिला न्हाई. नुसताच मोठा बार उडवला. भोकं बावीस. तोटे पेटवायच्या कॅपांचा मोकळा खोका पूर्वेच्या खबदाडात टाकलाय, जाऊन बगा. बाईंची नोंद बराबर हाय.”

शिपाई गेले आणि खोका घेऊन आले. नंतर महिपती उठला. तो दुर्गाप्पाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, त्यामुळे त्याचा एकही शब्द निसटला नाही.

“मग त्या पळाल्या का? पेंढ्या तिथं आन् त्या चाळीस पावलांवर. आमच्या बाया मानाच्या बारावर पळत्यात.”

त्या शाळेत हा एकच माणूस सत्यापर्यंत पोहोचला होता, आणि दुर्गाप्पाने त्याला तिथून परत लोटले.

“भिंत सुटताना दिसली आसंल त्यास्नी.”

“म्हंजी सांगितलंच न्हाईस. इतकी वर्सं तुज्या बारावर इस्वास ठेवून पोरं घरात घेतली आमी. देवीला सुदिक न सांगता मारल्यास व्हय रं?”

तो थुंकला. दुर्गाप्पाने तोंड पुसले नाही. ज्या एका गोष्टीत तो आयुष्यात कधी चुकला नव्हता, ती चुकल्याचे त्याने आपल्या तोंडाने सांगितले होते.

काळोख्यांनी शपथेवर सांगितले की कोठाराची किल्ली मिस्त्रीने चोरली. प्रांतसाहेबांना कसला तरी संशय आला असावा, ते दुर्गाप्पाच्या पाठीमागे गेले आणि म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही बसू शकता.” दुर्गाप्पा उभाच राहिला. “बसा,” ते मोठ्याने म्हणाले. तो पुढे पाहत उभा होता, आणि माणसे का कुजबुजत आहेत हे त्याला समजेना. मग बाजूच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “आयला, बहिरा हाय की!” ते मात्र त्याने ओठांवरून वाचले.

*

त्याला नऊ वर्षे झाली. इशारा न देता बार उडविला, हे शिक्षेत मुद्दाम धरले गेले. काळोख्यांना खाणीचे नाव बदलावे लागले. नाथा सुटला, एकदा तुरुंगात भेटीला आला, काचेपलीकडे बसला आणि म्हणाला, “मिस्त्री, तुमी मान चुकवनार न्हाई. मला ठावं हाय.” दुर्गाप्पाने मान हलविली नाही. नाथा पुन्हा आला नाही, पण तिसऱ्या खाणीत त्याने मान द्यावयास सुरुवात केल्याचे कानावर, म्हणजे डोळ्यांवर आले.

फुग्यांचे मात्र राज्य झाले. दोन हजार एक्केचाळीसपासून प्रत्येक जिल्ह्यावर रोज सकाळी काळे फुगे चढू लागले. कोणत्या डोंगरात चोरून सुरुंग लागतो हे आता लपत नसे. त्याबरोबर एक नियमही आला: आकाशातली नोंद आणि माणसाची जबानी यांत विरोध आला तर नोंद खरी धरावी. त्याच्या पुष्टीला ज्या खटल्याचा दाखला दिला जाई, तो शेळकेवस्तीचा. रेणुका आता फुग्यांच्या सरकारी कचेरीत नोंदी तपासणारी अधिकारी झाली होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती भेटीला येई. काचेतला फोन दोघेही उचलीत नसत. चौथ्या वर्षीच्या एका रविवारी दुर्गाप्पाने फार दिवस मनात ठेवलेले विचारले.

“त्या दोगींची हाक तुज्या फुग्यात आली व्हती का गं?”

“नाही आप्पा. माणसाचा आवाज बारीक असतो. तो इतक्या वर टिकत नाही.”

“म्हंजी तुजा फुगा बी माज्यावरच गेलाय.”

हे बोलून तो हसला. ती हसली नाही. तिने पिशवीतून नखाएवढी एक चकती काढून काचेला लावली.

“आप्पा, मूळ नोंद मी ठेवली आहे. दोन्ही बार आहेत हिच्यात. महिपतीकाका अजून तुमच्या नावानं थुंकतात. परवा त्याच नियमावर एका माणसाला शिक्षा झाली, तो ओरडून सांगत होता की नोंद चूक आहे. मला झोप लागत नाही. मी उद्या…”

“काय म्हनतीस?” दुर्गाप्पा म्हणाला. “ऐकू येत न्हाई.”

“तुम्हाला दिसतंय मी काय बोलते ते.”

“ऐकू येत न्हाई मला.”

आणि वीस वर्षे ऐकण्याचे सोंग केलेल्या त्या माणसाने न ऐकण्याचे सोंग आरंभिले. त्याने डोळे मिटून घेतले. बहिऱ्याला कान झाकावयाचे असले तर दुसरा मार्ग नसतो. तळहात मात्र काचेवरच होता. पलीकडून तिने काचेवर बोटाने वाजविले. टप. ते हाताला कळले, आणि त्याच्या मनात आपोआप अंक सुरू झाले. एक. दोन. तीन. पलीकडे ती बोलत असेल, रडत असेल, हाका मारीत असेल. सात. आठ. दुसरा, मोठा धक्का आला तर डोळे उघडायचे आणि ती जे सांगेल ते ऐकायचे, असे त्याने ठरविले. दहा.

अकरा झाले. काच स्थिर होती.

त्याने डोळे उघडले. रेणुका समोरच बसली होती. चकती पुन्हा पिशवीत गेली होती. तिचे ओठ मिटलेले होते, त्या दिवशी शाळेत मिटले होते तसेच. ते उघडतील म्हणून तो भेटीची वेळ संपेपर्यंत पाहत राहिला.